झील आणि यंत्राचा प्रतिध्वनि

गाणें ऐकतांना आपण गवयाकडे पाहतों. त्याच्या मागें उभें राहून झील धरणाराकडे सहसा कोणाचें लक्ष जात नाहीं. पोवाड्यांत काय किंवा गोंधळांत काय, मुख्य गायकाची ओळ संपतां संपतां तिचा शेवट उचलून धरावयाचा, तो पुन्हां श्रोत्यांच्या कानांवर घालावयाचा, आणि गायकाला श्वास घेण्यापुरती उसंत देऊन बाजूस व्हावयाचें, एवढेंच त्याचें काम. काम लहान दिसतें. पण तें बिघडलें म्हणजे सबंध गोंधळ कसा लंगडा पडतो, हें गेल्या मार्गशीर्षांत एका लग्नघरीं आम्हीं प्रत्यक्ष अनुभवलें. बिघडण्याचें निमित्त झालें एक विजेचें यंत्र. वीतभर लांबीचें हें यंत्र पायाशीं ठेवावयाचें असतें व पायानेंच चालवावयाचें असतें. विजेच्या गिटारीचा निघालेला स्वर क्षणभर जवळ ठेवून घेऊन तें तो पुन्हां ऐकवितें. वादकांच्या बोलण्यांत त्यास डिले पेडल म्हणतात. आपण सोयीसाठीं त्याला प्रतिध्वनियंत्र म्हणूं. त्या रात्रीची हकीकत सांगून, अशा यंत्राचा उपयोग कसा व्हावा व कसा होऊं नये, याचा थोडा विचार वाचकांपुढें मांडावा, एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतु आहे.

हें लग्नघर तुळजापूर तालुक्यांतलें. धाराशिव जिल्ह्यांत, त्यांतूनही भवानीच्या छायेंतल्या या टापूंत, लग्नानंतर गोंधळ घातल्यावांचून कार्य तडीस गेलें असें जुनीं माणसें मानीत नाहींत. नोकरीच्या निमित्तानें पुण्यामुंबईस राहिलेलीं कुटुंबेंही त्यासाठीं गांवीं परत येतात. अंगणांत तांदुळाचा चौक भरलेला होता, त्यावर कलश मांडला होता, भोंवतीं पांच ऊस उभे केले होते आणि शेजारीं दिवटी पाजळली होती. समोर चौघांचा ताफा उभा होता: मुख्य गोंधळी, संबळ वाजविणारा, तुणतुणें धरणारा आणि झीलकरी. मुख्य गोंधळी साठीच्या घरांतले. झीलकरी हा त्यांचाच पुतण्या, वय वीसबावीस. त्याच वयाचा दुसरा एक तरुण त्या रात्रीं त्यांच्याजवळ येऊन बसला. तो नवऱ्या मुलाचा धाकटा भाऊ. पुण्यास शिकतो, आणि विजेची गिटार बऱ्यापैकीं वाजवितो. गोंधळाला आपल्या गिटारीची साथ द्यावी, अशी त्याची फार दिवसांची हौस होती. वडीलधाऱ्यांनीं कुरकुर केली, पण खुद्द गोंधळ्यांनीं ‘बसूं द्या पोराला’ म्हणून परवानगी दिली, आणि तो आपलें यंत्र पायाशीं ठेवून बसला.

आरंभ तर चांगला झाला. पूर्वरंगांत देवदेवतांना गोंधळास येण्याचें आवतन असतें. एकेका देवतेचें नांव घ्यावयाचें, तिचें ठिकाण सांगावयाचें आणि बोलवावयाचें. लय संथ, शब्द मोकळे, दोन नांवांमध्यें भरपूर अवकाश. त्या अवकाशांत गिटारीचा एकेक स्वर पडे, आणि यंत्रानें त्याचे लांब लांब प्रतिध्वनि उमटवले म्हणजे अंगणाच्या भिंती मागें सरून एखादें खोरें उघडल्यासारखें वाटे. मंडळींनीं माना डोलविल्या, आम्हींही डोलविली. परंतु आख्यान सुरू होऊन संबळाची गति वाढली, आणि सगळाच रंग पालटला. गिटारीचे प्रतिध्वनि तालाच्या मागें मागें राहूं लागले. तरुणाचें पाहून ध्वनिक्षेपक सांभाळणारासही स्फुरण चढलें, आणि त्यानें गोंधळ्यांच्या आवाजावरही आपल्या पेटींतलें ‘इको’चें बटण पिळलें. आतां प्रत्येक ओळ दोनदां तिनदां ऐकूं येऊं लागली. पण एकदांही नीट ऐकूं येईना. पुतण्यानें झील धरण्यास तोंड उघडलें तों त्याची जागा यंत्रानें आधींच भरून टाकलेली. दोनदां त्यानें आवाज लावला, दोनदां आवरला, आणि मग नुसता झांज वाजवीत उभा राहिला. पुढच्या रांगेंत बसलेल्या आजीबाईंना तें आख्यान तोंडपाठ. पण त्याही एकमेकींस विचारूं लागल्या, ‘‘काय म्हनतोय त्यो?’’ गोंधळाच्या परीक्षणांत याहून कठोर अभिप्राय संभवत नाहीं.

हा दोष यंत्राचा कीं वादकाचा, हें ठरविण्यापूर्वीं यंत्राची जात पाहिली पाहिजे. अंतराचा आभास ध्वनींत आणण्याची हौस जुनी आहे. १९४९ सालच्या ‘महल’ चित्रपटांत दुरून येणारा आवाज हवा होता. तेव्हां लता मंगेशकर ध्वनिग्राहकापासून दूर उभ्या राहिल्या आणि गात गात जवळ येत गेल्या, ही गोष्ट प्रसिद्ध आहे. तेथें अंतर निर्माण झालें तें पायांनीं चालून. पुढें तें काम चुंबकीय फितीकडे आलें. एका ठिकाणीं स्वर फितीवर मुद्रित करावयाचा, आणि फीत थोडी पुढें सरकल्यावर दुसऱ्या ठिकाणीं तो वाचावयाचा; मधला प्रवास हाच विलंब. अमेरिकेंतलें १९५९ चें एकोप्लेक्स आणि जपानच्या रोलंड कंपनीचें १९७४ चें स्पेस एको हीं अशीं यंत्रें. फीत झिजे, ताणली जाई, आणि प्रत्येक पुनरावृत्तींत स्वर थोडा मळकट होत जाई. त्या मळकटपणावर कित्येक वादकांचें अजून प्रेम आहे. त्यानंतर १९८३ च्या सुमारास बॉस कंपनीचें डीडी-२ हें पायाखालीं मावणारें अंकीय यंत्र आलें. त्यांत फीत नाहीं. स्वराचीं आंदोलनें अंकांत मांडून स्मृतींत ठेवावयाचीं आणि नेमल्या वेळीं त्या अंकांचा पुन्हां स्वर करावयाचा, अशी त्याची रीत. त्याचा सर्वांत लांब विलंब ८०० मिलिसेकंदांचा, म्हणजे एका सेकंदाच्या चारपंचमांश. निसर्गांत एवढा प्रतिध्वनि ऐकावयाचा तर समोरचा कडा सुमारें १३६ मीटर दूर पाहिजे. येथें तो कडा एका डबीत बसला.

आजचीं यंत्रें त्याच्याही पुष्कळ पुढें गेलीं आहेत. लाइन सिक्स कंपनीच्या १९९९ च्या डीएल-४ यंत्रांतच पंधरा प्रकारचे प्रतिध्वनि होते: फितीचा मळकट, अंकांचा स्वच्छ, डाव्याउजव्या बाजूंस उड्या मारणारा, उलटा वाजणारा, आणि असे कितीतरी. शिवाय चौदा सेकंदांचें वादन मुद्रित करून तें चक्राकार फिरवीत ठेवण्याची सोय निराळीच. आमच्या तरुण वादकाचें यंत्र याच बहुरूपी जातीचें होतें, आणि त्या रात्रीं त्यानें बहुतेक सगळीं सोंगें आम्हांस दाखविलीं. वस्तुतः रूपें कितीही असोत, यंत्राचा सारा कारभार तीन खुंट्यांवर चालतो. पहिली खुंटी काळाची: प्रतिध्वनि किती वेळानें यावा. दुसरी पुनरावृत्तीची: तो किती वेळां यावा. तिसरी प्रमाणाची: मूळ स्वराच्या मानानें तो किती मोठा ऐकूं यावा. ज्याला या तीन खुंट्यांचा अर्थ उमगला नाहीं, त्याला पंधरा रूपें म्हणजे पंधरा खड्डे.

त्यांतली पहिली खुंटी सर्वांत महत्त्वाची, कारण तिचा संबंध लयीशीं आहे. अगदीं आखूड विलंब, तीस मिलिसेकंदांच्या आंतबाहेरचा, कानाला निराळा ऐकूंच येत नाहीं. स्वर थोडा भरदार झाला एवढेंच वाटतें. शंभर मिलिसेकंदांच्या पुढें मात्र तो स्पष्टपणें दुसरा स्वर होतो, आणि दुसरा स्वर झाला म्हणजे त्याला तालांत जागा द्यावी लागते. यू-टू या आयर्लंडच्या मंडळींतील एज नांवाच्या वादकानें हें मर्म चांगलें ओळखलें. मात्रेच्या पाऊण भागावर येणारा प्रतिध्वनि त्यानें फार वापरला. वाजवावयाचे अर्धे स्वर आपण आणि उरलेले यंत्रानें, असें तें विणकाम होतें. परंतु त्या मंडळींचा ढोलकरी एका ठरलेल्या गतीनें वाजवितो. आमच्या गोंधळाची लय अशी बांधलेली नसते. आख्यानाला रंग चढतो तशी ती चढते, आणि करुण प्रसंग आला कीं पुन्हां उतरते.

याचा परिणाम हिशेबानें पाहूं. संबळ मिनिटाला शंभर मात्रांच्या गतीनें चालला आहे असें धरा. मात्रा ६०० मिलिसेकंदांची. तिचा पाऊण भाग ४५०. वादकानें यंत्र ४५० वर लावलें. थोड्या वेळानें लय चढून एकशेंदहावर गेली. आतां मात्रा सुमारें ५४५ ची आणि पाऊण भाग ४०९ चा. यंत्र मात्र ४५० वरच अडून बसलेलें. पहिला प्रतिध्वनि ४१ मिलिसेकंदांनीं उशिरां येतो. तेवढें कान सोसून घेतो. पण प्रत्येक पुनरावृत्तीबरोबर चूक वाढत जाते, आणि तिसरी पुनरावृत्ति १२३ मिलिसेकंदांनीं, म्हणजे मात्रेच्या जवळजवळ पाव भागानें मागें पडते. गोंधळ्याच्या पुढच्या शब्दावर ती जाऊन आदळणार नाहीं तर काय होईल? त्या रात्रीं अंगणांत जो गोंधळ माजला त्याचें शास्त्र एवढेंच.

नळदुर्गास बोरी नदीवरच्या धरणाच्या पोटांत जो पाणीमहाल आहे, तो वाचकांपैकीं पुष्कळांनीं पाहिला असेल. त्या दगडी दालनांत मोठ्यानें हांक मारावी तर ती भिंतींवरून परत येते. आपण हळू बोलतों कीं घाईनें, राग आहे कीं लोभ, याची दगडाला पर्वा नसते. प्रतिध्वनियंत्र हें त्या दगडाचें भावंड आहे. झीलकऱ्याचें तसें नाहीं. गायकाचा श्वास कोठें तुटणार, कोणता शब्द श्रोत्यांना पुन्हां ऐकावासा वाटेल, कोठें नुसता हुंकार पुरेल आणि कोठें अगदीं गप्प राहावें, हें तो क्षणोक्षणीं पारखीत असतो. लय चढली तर त्याची झीलही तिच्याबरोबर चढते. तुळजापूरच्या देवळांत एकानें ‘आई राजा’ म्हणतांच शेंकडों कंठांतून ‘उदो उदो’ उमटतें, तेंही असेंच. यंत्र आवाज परत देतें. माणूस त्याला उत्तर देतो.

मध्यरात्रीं चहासाठीं थोडी विश्रांति झाली. वडीलधारी मंडळी गिटार उचलून ठेवावयास सांगणार, इतक्यांत मुख्य गोंधळीच त्या तरुणाजवळ येऊन बसले आणि म्हणाले, ‘‘दादा, तुमचं यंतर गुणाचं हाय, पर त्येला कान न्हाईत. ते तुमी द्याया पायजे.’’ तरुणानें विचारलें, ‘‘मग मी काय करूं, मामा?’’ तेव्हां त्यांनीं पुतण्याकडे बोट दाखविलें. ‘‘ह्यो पोरगा कवा घेतो अन् कवा सोडतो, तेवडं अर्धा घंटा बगा. मग वाजवा.’’ संगीतशिक्षणाचीं पुस्तकें पुष्कळ पाहिलीं. प्रतिध्वनियंत्राच्या उपयोगाविषयीं याहून नेमका उपदेश आमच्या वाचनांत आला नाहीं.

त्या तरुणाचें कौतुक असें, कीं त्यानें हा उपदेश शब्दशः पाळला. अर्धा तास गिटारीस हात न लावतां तो पुतण्याजवळ बसून राहिला. नंतर त्यानें चार गोष्टी केल्या. ध्वनिक्षेपकवाल्यास सांगून गायकांच्या आवाजावरचा ‘इको’ बंद करविला. यंत्राचीं सगळीं रूपें सोडून एक साधें रूप ठेवलें आणि पुनरावृत्तीची खुंटी एकावर आणली. गोंधळी शब्द उच्चारीत असतां तो पायानें यंत्र बंद ठेवूं लागला. आणि जेव्हां चालू करी तेव्हां आधीं संबळाच्या ठोक्याबरोबर पायानें दोनतीन वेळां बटण दाबून काळ नव्यानें मोजून देई. बहुतेक नव्या यंत्रांत ही सोय असते, पण पूर्वार्धांत ती त्याला आठवली नव्हती. यांतली शेवटली गोष्ट म्हणजेच यंत्राला कान देणें.

त्यानंतर एका ठिकाणीं जें घडलें तें आम्ही सहसा विसरणार नाहीं. आख्यानांतला एक प्रसंग संपला होता, दुसरा सुरू व्हावयाचा होता, आणि मध्यें नुसता संबळ चालला होता. संबळाचीं तोंडें दोन. एक बारीक बोलतें, एक भरदार. त्या दोहोंच्या बोलांमधून गिटारीचा एक स्वर पडे, आणि त्याचा एकच प्रतिध्वनि पाऊण मात्रेवर येऊन जेथें संबळ मोकळी जागा ठेवी तेथें बरोबर बसे. ऐकणाराला वाटावें कीं संबळालाच तिसरें तोंड फुटलें आहे. मुख्य गोंधळ्यांनीं मान हालविली, पुतण्यानें झांजेचा हात उचलला. आणि पुढची ओळ सुरू होतांच गिटार थांबली, व पुतण्याची झील अशी उमटली कीं पूर्वार्धांत तिच्यावांचून आपण काय गमावलें तें त्या एका क्षणीं कळलें. आजीबाईंचें कुजबुजणें केव्हांच थांबलें होतें.

दोष उरला नाहीं असें नाहीं. आरतीच्या वेळीं त्यानें गिटारीचा एक स्वर यंत्रांत चक्राकार फिरत ठेवून तंबोऱ्यासारखा आधार देण्याचा प्रयत्न केला. कल्पना चांगली, पण गिटार तुणतुण्याच्या तारेशीं मुळांत जुळवून घेतलेली नव्हती. माणसाचा एखादा स्वर ढळला तर तो पुढच्या स्वरांत सावरून घेतो. यंत्र तो ढळलेला स्वर जपून ठेवतें आणि फिरफिरून ऐकवितें. यासाठीं ज्याला या यंत्राची संगत करावयाची त्यानें सुराच्या बाबतींत एरवींपेक्षां दुप्पट कडक राहिलें पाहिजे.

गोंधळांत गिटार हवीच कशाला, असा प्रश्न कांहीं वाचक करतील. त्यांस आमचें एवढेंच सांगणें कीं, हार्मोनियमही एकेकाळीं परकीच होती, आणि आज तिच्यावांचून आपलें कीर्तन अडतें. पाणीमहाल १६१३ सालचा, दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाच्या कारकीर्दींतला. हा बादशहा स्वतः दख्खनी भाषेंत पदें रचून तीं रागांत बांधी, आणि आपल्या आवडत्या तंबोऱ्यास त्यानें ‘मोतीखान’ असें नांव दिलें होतें. ज्या मुलखानें असे राजे पाहिले त्याला नव्या वाद्याचें भय वाटण्याचें कारण नाहीं. उलट बाजूनें कांहीं तरुण म्हणतील, शब्द नाहीं कळले तर काय बिघडलें, वातावरण तर निर्माण झालें ना? हा पक्ष आम्हांस अधिक घातक वाटतो. गोंधळ ही सांगितली जाणारी कथा आहे. जिचे शब्द ऐकूं येत नाहींत ती कथा नव्हे, आणि जेथें कथा नाहीं तेथें वातावरण कशाचें?

पण खरी काळजी याहून निराळी आहे. झीलकरी ही गोंधळाची पाठशाळा आहे. आजचा मुख्य गोंधळी काल कोणाच्या तरी मागें झील धरीत उभा होता. ओळ उचलतां उचलतां त्याला आख्यानें पाठ झालीं, आणि थांबतां थांबतां लय कळली. यजमानांनीं चौघांच्या ताफ्याची बिदागी ठरवितांना जर उद्यां असा हिशेब केला, कीं आवाज परत द्यावयास यंत्र आहेच, मग चौथा माणूस कशाला, तर चार पैसे वांचतील खरे. पण वीस वर्षांनीं आख्यान सांगावयास कोणी उरणार नाहीं. यंत्राला आख्यान पाठ होत नाहीं. तें दहा सेकंद लक्षांत ठेवतें आणि विसरतें.

दुसऱ्या दिवशीं ताफा निघतांना ते दोघे तरुण ओट्यावर बसलेले आम्हांस दिसले. पुतण्या यंत्राच्या खुंट्या फिरवून पाहत होता, आणि गिटारवाला झांज घेऊन, ओळीच्या कोणत्या अक्षरावर झील उचलावी, तें पुन्हां पुन्हां विचारीत होता. तेव्हां ज्यांच्या घरीं पुढें कार्य निघेल त्यांनीं गोंधळास गिटार हौसेनें बसवावी, तिच्याबरोबर तें यंत्रही येऊं द्यावें. फक्त ध्वनिक्षेपकवाल्यास आधीं समज द्यावी, आणि चौथ्या माणसाची बिदागी कमी करूं नये.